पदरची दोन वाक्यं

धाकटीने पहिली थाप मारली ती पाचव्या भागात.

तोवर ती इमानेइतबारे वाचत होती. टॅब्लेटवर जपानी मालिकेच्या चित्राखाली इंग्रजी ओळ उमटली की ती टिपायची आणि सासूला मराठीत सांगायची. सासूचे डोळे ठणठणीत होते, इंग्रजीही कामापुरतं येत होतं, पण त्या ओळी अशा पळायच्या की सासूबाईंचं पहिलं वाक्य लावून होईपर्यंत पडद्यावरची माणसं बोलून, रडून, आपापल्या घरी गेलेली असायची. त्यामुळे वाचायचं खातं धाकटीकडे आणि टीका करायचं खातं सासूकडे, अशी वाटणी आपोआप झाली होती.

तर पाचव्या भागाच्या शेवटी, सायकल दुरुस्तीच्या दुकानात, तो उंच मुलगा त्या मुलीसमोर उभा राहिला. दुकानात दोघांशिवाय कुणी नाही. बाहेर संध्याकाळचं पिवळं ऊन. मागे पियानो वाजायला लागला, म्हणजे आता काहीतरी होणार. मुलाने श्वास घेतला, ओठ उघडले आणि म्हणाला, "ब्रेकपण बघून ठेवलेत."

संपला भाग.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. पाच भाग हा पोरगा तिच्या सायकलची साखळी पुसतोय, तिच्या नावाची चिठ्ठी हँडलला बांधताना कान लाल करून घेतोय, आणि तोंडातून निघालं काय, तर ब्रेक! शेजारी पलंगावर सासू उशीला टेकून, ऑपरेशन झालेला पाय पुढे पसरून, कानात प्राण आणून बसली होती.

"काय म्हणाला?" तिने विचारलं.

धाकटीच्या तोंडून निघून गेलं, "म्हणाला, ब्रेकपण बघून ठेवलेत. तू पडलीस तर मला सहन नाही होणार. मला तू फार आवडतेस."

"बोलला एकदाचा!" सासूने आनंदाने मांडीवर चापट मारली, ती नेमकी दुखऱ्या पायाच्या, आणि कळवळत हसायला लागली. तिला असं हसताना धाकटीने लग्नापासून आजवर पाहिलं नव्हतं. आता हिला खरं काय सांगायचं? कशाला सांगायचं? तिने टॅब्लेट बंद केला आणि चहा टाकायला उठली.

सासूला घरात सगळे पाठीमागे मेट्रन म्हणत. ती खरोखरच एका मोठ्या इस्पितळात मेट्रन होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाजातला वॉर्ड गेला नव्हता. 'झोप लागली का?' हेही ती असं विचारी की समोरच्याला वाटे, आता जीभ बाहेर काढून दाखवावी. सासरे गेल्यापासून ती आपल्या छोट्या घरात एकटी आणि ताठ मानेने राहत होती. मग गुडघ्याने दगा दिला, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी बजावलं की आता एकटं राहायचं नाही.

थोरल्या मुलाकडे जायचं हे ठरलेलंच होतं. त्याचं नवं घर तळमजल्यावर होतं, पण त्यात अजून सुतार आणि रंगारी मुक्काम ठोकून होते. म्हणून तोपर्यंत धाकट्याकडे. धाकट्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. गंमत म्हणजे धाकटा स्वतः लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर जगाला वरखाली पोचवायचं आणि संध्याकाळी आपण धापा टाकत जिना चढायचा, यावर त्याच्या मित्रांनी करायचे तेवढे विनोद करून झाले होते. मेट्रनला खुर्चीत बसवून चौघांनी वर आणलं, तेव्हा धाकटी दाराला धरून उभी होती. सासूशी तिचं बोलणं 'हो आई' आणि 'बरं आई' याच्यापलीकडे कधी गेलं नव्हतं. आता ही बाई चोवीस तास घरात, आणि आपण घरीच काम करणाऱ्या!

धाकटीचं काम साखरेच्या फुलांचं. लग्नाच्या केकवर जे गुलाब बसवतात, ते एका बेकरीसाठी ती करून द्यायची. साखरेची मऊ कणीक मागचं बोट दिसेल इतकी पातळ लाटायची, पाकळ्या कापायच्या, त्यांच्या कडा बोटाने ताणायच्या आणि बाक यावा म्हणून अंड्यांच्या रिकाम्या ट्रेच्या खळग्यांत वाळत ठेवायच्या. नीट वाळण्याआधी तारेला लावल्या तर पाकळ्या माना टाकतात. त्यामुळे रोज दुपारी पाकळ्या वाळेपर्यंत तिला सक्तीची सुट्टी असे, आणि त्या सुट्टीत ती ओट्यावर साखरेच्या डब्याला टॅब्लेट टेकवून हाताने काढलेल्या चित्रांच्या जपानी मालिका, अ‍ॅनिमे, बघे. त्यातलेही प्रेमाचे. नवरा म्हणे, "कार्टून बघतेस?" तिने त्याला समजावणं केव्हाच सोडून दिलं होतं.

मेट्रन आल्यावर धाकटीने आवाज बारीक केला, तरी पहिल्याच आठवड्यात खोलीतून हाक आली. "कोण रडतंय तिकडे?"

"कोणी नाही आई. टॅब्लेटवर."

"का रडतेय पण?"

आता का रडतेय हे स्वयंपाकघरातून ओरडून कसं सांगणार? धाकटी टॅब्लेट घेऊन खोलीत गेली. "तो दुसऱ्या शाळेत जाणार आहे, आणि हिने त्याला अजून काही सांगितलेलंच नाही."

"मग सांगायचं ना." मेट्रनने पडद्याकडे पाहिलं. "डोळे केवढाले हे! थायरॉइड तपासलंय का हिचं?"

धाकटी फिसकन हसली आणि मग घाबरली. पण मेट्रनच्या ओठांचा कोपराही हलला होता. तिने पाय जरा सरकवून पलंगावर जागा केली. दुसऱ्या दिवशी धाकटीने सायकल दुकानाची नवी गोष्ट पहिल्या भागापासून लावली, आणि तेव्हापासून दुपारी दोघींची बैठक बसायला लागली.

या गोष्टींमध्ये एवढं काय असतं, असं कोणी विचारलं असतं तर धाकटीला पटकन सांगता आलं नसतं. भांडणं नाहीत, मारामाऱ्या नाहीत. एक मुलगा एका मुलीच्या बाकावर खोडरबर ठेवतो, आणि त्यावर अख्खा भाग चालतो. पण त्या खोडरबराकडे कोणीतरी बघतं. हेच तिला आवडायचं. त्या जगात कोणी केस जरा कापले की दुसऱ्याच्या लक्षात येतं. कोणी चहाचा कप पुढे केला तर कप, वाफ, बोटं, सगळं थांबून दाखवतात. खऱ्या घरात कप पुढे केला की कप रिकामा होतो आणि बेसिनमध्ये जातो. तिचा नवरा वाईट नव्हता, चांगलाच होता, पण तिने नवे पडदे लावल्याचं त्याला कळायला पडदे धुवायला निघावे लागले होते.

आणि चीड यायची तीही तेवढीच. दोघं एकमेकांसाठी झुरतायत हे शाळेच्या शिपायालासुद्धा ठाऊक, फक्त त्या दोघांना नाही. एक वाक्य बोललं तर सगळी गोष्ट दहा मिनिटांत आटपेल, पण ते वाक्य बोलायचं नाही म्हणजे नाही. तोंड उघडलं रे उघडलं की आगगाडी जाते, नाहीतर एखादी मैत्रीण धाडकन दार उघडते, नाहीतर नाक वाहायला लागतं. 'तिला त्रास नको' म्हणून हा गप्प, 'त्याला ओझं नको' म्हणून ती गप्प. दोघंही इतके समजूतदार की दोघांना बखोटीला धरून एका खोलीत कोंडावंसं वाटतं.

मेट्रनने त्या उंच मुलाचं नाव पहिल्याच दिवशी ठेवलं, मुखदुर्बळ. मुलीला ती सायकलवाली म्हणायची. शिवाय गोष्टीत एक शेजारचा मुलगा होता, सायकलवालीला लहानपणापासून ओळखणारा, तिला रोज हाक मारून शाळेत नेणारा. मेट्रन त्याच्या बाजूची. "हा इतकी वर्षं दारात उभा आहे, त्याला कोणी विचारत नाही," ती म्हणे. "जो नेहमीचा असतो ना, तो दिसेनासाच होतो लोकांना."

"तो शेवटी हरणारच आई. शेजारचा नेहमी हरतो."

"का? नियम आहे?"

"जवळजवळ."

"मूर्ख नियम आहे," मेट्रनने निकाल दिला आणि सफरचंदाची फोड धाकटीच्या हातात ठेवली. फोडी करताना ती सालं काढायची नाही, पण धाकटीला सालाचा त्रास होतो हे कळल्यापासून तिच्या वाट्याच्या फोडी सोललेल्या असायच्या. याबद्दल दोघी कधी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

आता पाचव्या भागात मुखदुर्बळाच्या तोंडी धाकटीने प्रेम घातलं खरं, पण सहाव्या भागाला ते कुठे माहीत होतं? सहाव्या भागात मुखदुर्बळ आपल्या खोलीत आढ्याकडे बघत पडलेला. 'मी तिला कधीच सांगू शकणार नाही,' अशी ओळ खाली उमटली आणि धाकटीला घाम फुटला.

"हा का असा तोंड पाडून बसलाय?" मेट्रनने विचारलं. "काल तर बोलला."

"हो. म्हणजे, बोलला. पण तिने ऐकलंच नाही. ट्रक गेला ना बाहेरून."

"मला नाही ऐकू आला ट्रक."

"जपानी ट्रक असतात, आवाज कमी करतात."

मेट्रनने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग धाकटीला सवयच लागली. रोज मुखदुर्बळ काहीतरी पाणचट बोलायचा आणि धाकटी त्यात पदरची दोन वाक्यं घालायची. तो म्हणायचा, 'गार वारा आहे.' धाकटी सांगायची, 'गार वारा आहे, आणि तू समोर असलीस की मला घरी जावंसंच वाटत नाही.' तो म्हणायचा, 'उद्या दुकान बंद आहे.' धाकटी सांगायची, 'उद्या दुकान बंद आहे, पण तुझ्यासाठी उघडेन.' दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी मूळपदावर, आणि पुन्हा सायकलवालीला काहीच ऐकू आलेलं नाही असं सांगायची पाळी. शेवटी मेट्रनने गंभीरपणे मत दिलं की या मुलीला आधी कानाच्या डॉक्टरकडे नेलं पाहिजे, प्रेमाचं नंतर बघू.

धाकटी हसून हसून आडवी झाली. त्या हसण्यात तिच्या लक्षात आलं की सकाळी पाकळ्या लाटतानाच आपण दुपारची वाट बघायला लागतो. आणि हेही लक्षात आलं की मेट्रन आता 'मेट्रन' वाटत नाही. औषध घेताना चेहरा वाकडा करणारी, पायाला मालिश करताना 'जोर लाव, मी काही काच नाही' म्हणून ओरडणारी, गुलाबाची पहिली पाकळी नेमकी कुठे बसवायची यावर न विचारता सल्ला देणारी ही बाई घरात असली की घर भरल्यासारखं वाटतं. धाकटीची स्वतःची आई ती शाळेत असतानाच गेली होती. दुपारी कोणी आपली वाट बघत पलंगावर जागा करून ठेवतं, हे सुख तिच्या ओळखीचं नव्हतं.

अशात थोरल्या दिरांचा फोन आला. खोली तयार झाली होती. न्हाणीघरात धरायला दांडे बसवले होते, खिडकीतून बाग दिसत होती, जाऊबाईंनी पलंगाची उंचीसुद्धा मोजून घेतली होती. रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाले. नावं ठेवायला जागाच नव्हती. जाऊबाई कजाग असत्या तर धाकटीचं काम किती सोपं झालं असतं!

"छान झालं," फोन ठेवून मेट्रन म्हणाली. "तुलाही आता मोकळं होईल. कामाची माणसं तुम्ही, किती अडकून पडायचं?"

धाकटीच्या तोंडावर आलं होतं, मी कुठे अडकलेय? पण ती म्हणाली, "तिकडे तुम्हाला बरं पडेल आई. जिना नाही, बाग आहे. इथे तुम्ही कोंडून पडता."

"हो ना."

"हो."

मग दोघी एकमेकींची किती सोय होणार आहे याबद्दल बराच वेळ बोलल्या. दोघींचा आवाज फार उत्साही होता. त्या दुपारी अ‍ॅनिमे लावायचं राहूनच गेलं.

शुक्रवारी सकाळी धाकटी बेकरीत फुलांचा खोका पोचवून लवकर परतली. जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कोणीतरी कठड्याला धरून उभं दिसलं. मेट्रन! एकटी, घामाने डबडबलेली, ओठ घट्ट मिटलेले.

"आई! एकट्या कशाला उतरलात?"

"काही नाही. पाय मोकळा करत होते," मेट्रन म्हणाली. तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. "रोज थोडं थोडं उतरते तू नसताना. काल पहिल्या मजल्यापर्यंत जाऊन आले."

धाकटीने तिला दंडाला धरून वर आणलं, पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसत राहिली. तिच्या मनात एकच गोष्ट पक्की झाली. आईंना जायची एवढी घाई आहे. खुर्चीत बसून उतरायलाही थांबवत नाही त्यांना. आपल्या पायांनी चालत निघून जायचंय. आणि आपण मात्र इथे, दुपारच्या कार्टूनवरून, भलतंच काहीतरी धरून बसलोय.

रात्री जेवताना तिने नवऱ्याला हे हळूच सांगितलं. मेट्रन आत झोपली होती.

"मग विचार ना तिला," नवरा म्हणाला.

"काय विचारू?"

"जायचंय का राहायचंय."

"असं कसं विचारायचं?"

"तोंडाने."

"मग तूच विचार. तुझी आई आहे."

नवऱ्याने घास तसाच धरून जरा विचार केला. "मी विचारलं तर काही उपयोग नाही," तो म्हणाला. "मला ती 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणेल. मुलांना ती तेवढंच म्हणते. दादालाही तेच म्हणाली असेल." मग त्याने भाजी वाढून घेतली. "आणि मला ती इथे हवीय का, हा प्रश्न नाहीच. दिवसभर घरात तू असतेस. हवी असेल तर तुला हवी पाहिजे."

हे त्याचं वर्षभरातलं सगळ्यात लांब भाषण असावं. धाकटी त्यावर विचार करत राहिली, पण शनिवार गेला आणि तिने विचारलं नाही. तिसरा मजला खरा होता, दांडे खरे होते, बाग खरी होती. आपल्याला करमत नाही म्हणून सत्तरीच्या माणसाला तीन मजले चढायला लावायचे? आणि त्या 'नको गं' म्हणाल्या तर? मग त्यानंतर कोणत्या तोंडाने भेटायचं?

रविवारी दुपारी बॅग भरून दाराशी ठेवली होती. दीर संध्याकाळपर्यंत पोचणार होते, नवरा खाली गाडीसाठी जागा धरायला आणि पानवाल्याशी गप्पा मारायला गेला होता. मेट्रन पलंगावर बसून म्हणाली, "त्या मुखदुर्बळाचं काय झालं ते तरी बघून जाते."

शेवटचा भाग उरला होता. धाकटीने लावला. सायकलवालीला मोठ्या शहरात पुढच्या शिक्षणासाठी जायचं होतं. शेजारचा मुलगा सामान उचलून देऊन, हसून, मागे झाला. मेट्रन चुकचुकली. मुखदुर्बळ स्टेशनवर धावत आला. धापा टाकतोय, हाताला ग्रीस तसंच. मुलगी गाडीच्या दारात उभी. पियानो सुरू झाला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की दगडालाही वाचा फुटावी. मुखदुर्बळाने तोंड उघडलं. खाली ओळ उमटली.

"जपून जा," धाकटीने वाचलं.

दार बंद झालं. गाडी हलली. नावं वर सरकायला लागली.

"पुढे?" मेट्रनने विचारलं.

"पुढे काही नाही आई. एवढंच म्हणाला."

"असं कसं? रोज तर किती छान बोलायचा."

धाकटीने टॅब्लेट पालथा ठेवला. 'जपून जा.' गेले चार दिवस ती स्वतः हेच तर म्हणत होती. जपून जा, औषधं वेळेवर घ्या, पाय दुमडून बसू नका. "नाही बोलायचा तो," ती म्हणाली. "मी घालायचे पदरचं. तो कधीच काही बोलला नाही. पाचव्या भागापासून मीच."

"माहीत आहे मला."

धाकटीने मान वर केली.

"अगं, तो तोंड उघडणार एवढंसं आणि तू बोलणार एवढं मोठं. मी काय आंधळी आहे?" मेट्रन म्हणाली. "वॉर्डात हेच बघत आले मी. डॉक्टर एक सांगायचे, आणि बायको आत येऊन नवऱ्याला दुसरंच सांगायची, चांगलं चांगलं लावून. खाटेवरच्याला बरोबर कळायचं. पण तो पुन्हा पुन्हा विचारायचा, 'काय म्हणाले गं डॉक्टर?' ऐकायला बरं वाटायचं त्याला."

"म्हणजे त्या मुलीच्या कानाचं तुम्ही..."

"तुझी मजा करत होते. तू असल्या काही थापा मारायचीस! जपानी ट्रक म्हणे." मेट्रन हसली, पण ते हसू पुरतं टिकलं नाही. "मला ऐकायचं असायचं. तुझ्या आवाजात. दुसरं काय होतं मला दिवसभरात?"

त्याच वेळी बेल वाजली.

"आला वाटतं," मेट्रन म्हणाली आणि काठीकडे हात नेला. "लवकरच आला. जा, उघड."

धाकटी उठली नाही.

"अगं, बेल वाजतेय."

"वाजू दे," धाकटी म्हणाली. "आई, तुम्ही जाऊ नका."

मेट्रनचा हात काठीवर तसाच राहिला.

"मला माहीत आहे तिकडे जिना नाही. मला माहीत आहे तिकडे तुमचं सगळं चांगलं होणार आहे. वहिनी माझ्यापेक्षा चांगलं करतील तुमचं. हा माझा स्वार्थ आहे, कळतंय मला. पण तुम्ही इथे नसलात तर मला आवडणार नाही. मला तुम्ही हव्या आहात. सोय म्हणून नाही, सासू म्हणून नाही. तुम्ही." बेल पुन्हा वाजली, या वेळी लांबलचक. धाकटीने आवाज चढवला. "तुम्हाला जायचंच असेल तर जा, मी बॅग खाली घेऊन येईन. पण मी सांगितलं नाही असं नको व्हायला."

मेट्रनने काठीवरचा हात मागे घेतला.

"मला कुठे जायचंय?" ती म्हणाली.

"मग जिना का उतरत होतात रोज? मला वाटलं तुम्हाला जायची घाई झालीय."

"घाई?" मेट्रनने कपाळाला हात लावला. "अगं वेडे, तुम्ही दोघं म्हणणार, आईला तिसरा मजला झेपत नाही, म्हणून तिला पाठवायला हवं. म्हटलं, उतरून-चढून दाखवते, मग काय म्हणतात बघू. काल सकाळी तू बाजारात गेलीस तेव्हा पार खाली जाऊन वर आले. सांगणार होते तुला. तर तू म्हणालीस, 'बॅग मी भरून देऊ का आई?'"

धाकटीला आठवलं. म्हणाली होती खरी. चेहरा हसरा ठेवून म्हणाली होती. तिला आता हसूही येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आलं. मेट्रनने तिला जवळ ओढलं. आयुष्यभर माणसांना उशीवर नीट ठेवायची सवय असलेले ते हात, मिठी मारायला जरा अवघडलेच, पण सोडेनात.

बेल आता थांबतच नव्हती. धाकटीने डोळे पुसले आणि दार उघडलं. दारात दीर, तीन मजले चढून लालबुंद झालेले, आणि त्यांच्यामागे नवरा.

"किती वेळ!" दीर म्हणाले. "मला वाटलं झोपलात. आई, झाली तयारी?"

"ये, बस आधी. पाणी पी," मेट्रन आतून म्हणाली. मग काठी टेकत स्वतः बाहेरच्या खोलीत आली आणि मुलासमोर उभी राहिली. "मी येत नाहीये रे. मी इथेच राहणार."

दीर भांबावले. "अगं, पण सगळं ठरलं होतं. खोली तयार आहे. काही झालं का? कोणी काही बोललं का तुला?"

"हो. बोलली," मेट्रन म्हणाली आणि तिने धाकटीकडे बोट दाखवलं. "ही मला राहा म्हणाली."

"म्हणजे, ही म्हणाली म्हणून?"

"मग? खोली चांगलीच केली असशील तू, मी येईन चार दिवस बघायला. तुझी बायको माझं चांगलंच करील, तूही करशील, राग मानू नकोस. पण तुझे बाबा गेल्यापासून सगळे मला एवढंच विचारतात, आई, तुझी सोय कुठे लावायची. तू हवी आहेस, असं कोणी म्हणायला नको?"

दीर खुर्चीवर बसले आणि खाली बघून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. नवऱ्याने दाराजवळची बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.